साहेब, लाईन हाय काय?

आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. वीज फक्त आभाळातून पडते. तारेतून येते ती लाईन. फोनलाही लाईनच असते, रेशनच्या दुकानासमोर लागते तीही लाईन, आणि कॉलेजच्या गेटावर उभी राहून पोरं मारतात तीसुद्धा लाईनच. एका शब्दाला इतक्या कामांना जुंपणारा दुसरा जिल्हा मी पाहिलेला नाही. हा शब्द एकदा माझ्या अख्ख्या दिवसावर उलटला, आणि त्याच दिवशी आमच्या घराची सोयरीकही गेली. सोयरीक गेली त्यात लाईनचा काही दोष नव्हता, तिला उगाच बोल लावण्यात अर्थ नाही.

मी तेव्हा दारव्ह्यात, कापूस खरेदी करणाऱ्या एका सहकारी संस्थेत कॉम्प्युटर सांभाळत होतो. पद असं काही नव्हतं. करार अकरा महिन्यांचा. मग महिनाभर घरी बसायचं आणि पुन्हा नव्याने लागायचं, म्हणजे माणूस चुकूनही परमनंट होत नाही. पण गावात मी 'कॉम्प्युटर इंजिनियर' होतो. हे पद मला संस्थेने दिलं नव्हतं, आईने दिलं होतं, आणि ते परमनंट होतं.

ती कापसाची वाईट वर्षं. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव वारंवार यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच यायचं नाही. मोठमोठ्या गाड्या यायच्या, माणसं उतरून फोटो काढायची, धूळ उडवत परत जायची. त्या फोटोंत एक गोष्ट कधी आली नाही. शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगी देत नव्हतं. पूर्वी मुलीकडचे यायचे तेव्हा आधी वावर पाहायचे, विहिरीत डोकावायचे, मग घरात येऊन बसायचे. आता वावराकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं. आधी ऑफिस पाहायचं, आणि तिथे मन बसलं तरच घर.

माझा थोरला भाऊ या नव्या रिवाजात सापडला. बाप गेल्यावर त्याने कॉलेज सोडून आठ एकर अंगावर घेतलं, मला यवतमाळला शिकायला ठेवलं. माणूस दिसायला उमदा, निर्व्यसनी, बोलायला असा गोड की बाजारात भाजीवाली त्याला मूठभर कोथिंबीर जास्त टाकायची. पण मुली पाहायला गेला की प्रत्येक ठिकाणी पोहे आणि 'कळवतो'. 'कळवतो' म्हणजे काय, ते पोहे खाता खाताच कळायचं. शेवटी आईने मनावर दगड ठेवून ठरवलं, थोरल्याची वाट पाहता पाहता धाकटाही जून व्हायचा, तर धाकट्याचं तरी उरकून घेऊ. थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याची सोयरीक म्हणजे लोक विचारणारच, मोठ्यात काय खोट आहे? म्हणून मध्यस्थाने महागावकडच्या स्थळाला 'एक भाऊ आहे, शेती पाहतो' एवढंच सांगितलं होतं. पुढचं वाक्य त्याने गिळलं होतं. पाहुणे रविवारी येणार होते.

आता आमच्या ऑफिसातल्या सर्वरबद्दल थोडं सांगायला हवं. संस्थेला कुठल्याशा योजनेतून कॉम्प्युटर मिळाले होते आणि त्या सगळ्यांवर एक मोठं मशीन, तोच सर्वर. या मशीनचं काम गावच्या पोलीस पाटलासारखं. कोण कोणाचा, कोणाला आत सोडायचं, कोणाला कोणतं कपाट उघडू द्यायचं, हे सगळं त्याला तोंडपाठ. सकाळी वजनकाट्यावरचा बाबू आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, सर्वर त्याला ओळखायचा, मगच मापाची पावती निघायची. सर्वरने ओळख दिली नाही तर साक्षात अध्यक्षही परके. लाईन गेली तरी हे मशीन बंद पडू नये म्हणून त्याच्यासोबत बॅटऱ्या आल्या होत्या. त्या अध्यक्षांच्या घरी टीव्हीच्या सेवेत रुजू झाल्या होत्या.

त्या दिवशी ऐन हंगाम, बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची लाईन रस्त्यापर्यंत गेलेली. त्यात आमचीही बंडी होती. बैल सोडून दादा माझ्याजवळ येऊन बसला होता. सकाळीच लाईन गेली. आता ती जायचीच, तिच्या जाण्याचं वेळापत्रकसुद्धा पेपरात यायचं. पण येताना ती झटका देत आली, दोनदा भपकली, आणि सगळं सुरू झाल्यावर सर्वरने एकालाही ओळखायला नकार दिला. काटा बंद, पावती बंद. बाबू लोकांनी फार दुःख करून न घेता चहाची टपरी गाठली. मॅनेजर यवतमाळला मीटिंगला. आणि प्यून रजेवर, त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. तो परमनंट होता.

सर्वर बसवून देणाऱ्या कंपनीची मदत पुण्याहून फोनवर मिळायची. फोन मॅनेजरच्या केबिनमध्ये, सर्वर मागच्या कोठीत कापसाच्या नमुन्यांच्या गाठोड्यांमध्ये. दोन्हीकडे एकच माणूस असू शकत नाही, म्हणून दादाला फोनवर बसवलं. पुण्याची बाई जे विचारेल ते त्याने ओरडून मला सांगायचं, मी ओरडेन ते तिला.

"लाईन हाय काय म्हंते!" दादा ओरडला.

"हाय! आत्ताच आली!"

"हाय म्हंतात मॅडम. आत्ताच आली."

मग तिने मला हे बंद कर, ते सुरू कर, अमुक टाइप कर, असं बराच वेळ नाचवलं. मी कोठीत घामाघूम. दर थोड्या वेळाने तिचा तोच प्रश्न, लाईन नक्की आहे ना? आणि दर वेळी दादाचं ठणठणीत उत्तर, बल्ब पेटून राह्यला न मॅडम! शेवटी तिनेच विचारलं की बल्बचा काय संबंध? तेव्हा उलगडा झाला. ती विचारत होती कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या तारेचं, आम्ही सांगत होतो महावितरणचं. त्या तारा ज्या डबीत येऊन मिळतात ती डबी कोपऱ्यात मेल्यासारखी पडली होती, झटक्यात तिचा प्लग ढिला झाला होता. मी तो खोचला. स्वतःच्या भाषेवर मी इतका कधी चिडलो नव्हतो.

नेमकं तेव्हाच दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. पांढरे पायजमे, टोप्या, हातात कापडी पिशवी.

"कॉम्प्युटर इंजिनियर कोन हाय जी इथं?"

मी कोठीतून बाहेर आलो तो केसांत कापूस, शर्टाला जाळं. पाहताक्षणी समजलो. मुलीचा बाप आणि मामा. रविवारचं सांगून मंगळवारी आले होते. खरं पाहायचं तर न सांगता पाहावं, हा शहाणपणा आमच्याकडे गाई-बैलांच्या खरेदीपासून चालत आलेला आहे. मी काही बोलणार तोच रिसीव्हर कानाला लावलेला दादा उठून उभा राहिला.

"बसा पाव्हणे," तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, मान थोडी खाली घालून, "साहेब, महागावकडचे पाव्हणे आले तुमच्याकडं."

साहेब! मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. त्याने डोळ्यांनी दटावलं. मग लगबगीने जाऊन ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आला. घरी हा माणूस पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने उचलायचा नाही. मी त्याला काहीतरी निमित्त काढून कोठीत ओढलं.

"दादा, काय लावलं हे?"

"गप राय बे. बिनलग्नाचा थोरला पाहून उठून जातीन ते. पयले हो म्हनू दे त्यायले."

"आन मंग?"

"मंग सांगू साक्षगंध झाल्यावर. तवर मी प्यून. तू साहेबावानी बोल जरा, मले झापत जाय मधून मधून."

मला रागही आला आणि हसूही. राग जास्त. पण त्याला इतका मजेत मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून मी त्याचं ऐकलं.

पाहुणे फोनच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसले आणि आमचं काम म्हणजे त्यांच्यापुढे नाटकच सुरू झालं. आता कॉम्प्युटर सर्वरपर्यंत पोचत होते, पण सर्वर त्यांना दारात उभं करत नव्हता. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य आलं होतं. मी त्याचं मराठी करून ओरडलो, "इश्वासाचं नातं तुटलं म्हंते!" दादाने ते पुण्याला कळवलं. मुलीच्या बापाने चमकून मामाकडे पाहिलं.

"साहेब, टाइम काय म्हंते!"

मी मनगटावरच्या घड्याळात पाहून टाइम सांगितला. दादाने तो पुण्याला पोचवला. बाईने तो बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि पुन्हा मला दुसऱ्याच वाटेला लावलं. पुन्हा घाम, पुन्हा ओरडाओरड. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, सर्वरच्या पडद्यावर तारीखही आजचीच दिसते ना? मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिला सर्वरचा टाइम हवा होता, माझा नव्हे. आणि सर्वर कितीतरी वर्षं मागे जाऊन बसला होता. त्याच्या पोटातलं घड्याळ ज्या बारीक सेलवर चालतं तो सेल मेला होता, आणि लाईनच्या झटक्यात त्याला सालच आठवेनासं झालं होतं. त्याच्या आणि बाकी कॉम्प्युटरांच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की हे मशीन समोरच्यावर विश्वास ठेवत नाही. इथे तर वर्षांचं अंतर.

त्या सालाकडे मी जरा वेळ पाहत बसलो. त्या साली कापूस विकून आम्ही घरावर टिना टाकल्या होत्या. त्या साली दादाला मुली सांगून यायच्या आणि तोच नाकं मुरडायचा, ही ठेंगणी, ती फार बोलते. मशीनचं चुकलं होतं, पण त्याला साल चांगलं सापडलं होतं.

मी तारीख दुरुस्त केली, तेवढ्यात लाईनने पुन्हा एक झटका दिला आणि मशीन पुन्हा मागच्या सालात. सेल बदलल्याशिवाय इलाज नव्हता.

"साहेब, मी आणतो न. बाजारातल्या घड्याळवाल्या चाचाजवळ भेटते असा सेल," दादा म्हणाला, आणि मेलेला सेल खिशात टाकून बाबूची सायकल घेऊन निघाला.

केबिनमध्ये मी आणि पाहुणे उरलो. बापाने सरळ विषयाला हात घातला.

"तुमची नोकरी परमनंट हाय काय?"

"नाही. अकरा महिन्याचा करार हाय."

"बरं." तो थोडा विचारात पडला. "पन कॉम्प्युटर तं हाय न."

मी म्हटलं, कॉम्प्युटर आहे. मामाने त्यावर मान डोलावली. मग बाप खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "प्यून लय गुनाचा हाय तुमचा. पुण्याच्या बाईसंग कसा धडाधड बोलला! परमनंट हाय काय तो?"

"प्यूनची जागा परमनंट हाय," मी म्हणालो. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा जरा पुढे सरकला. "लगन झालं काय त्याचं?"

"नाही."

"आपल्यातलाच हाय काय?"

"आपल्यातलाच."

बापाने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "काय हाय, आमची थोरली बी हाय घरी. धाकटीचं पयले कसं करावं, या काळजीनंच मी अर्धा झालो. तुमच्या हाताखालचा तं हाय हा गडी. तुमी शब्द टाकला, तं दोघींचा एकच मांडव करू."

खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलोच. तिकडे थोरली, इकडे थोरला. तिकडे धाकटी, इकडे मी. आईच्या सगळ्या नवसांचा हिशेब एका दुपारी मिटत होता. आणि त्यांना दादा आवडला होता! त्याची शेती नव्हे, पगार नव्हे, तो स्वतः आवडला होता, बोलणं-चालणं पाहून. अशी माझी समजूत.

"काका," मी म्हणालो, "मंग तं सोयच झाली. तो प्यून नाही. माहा सख्खा थोरला भाऊ हाय. प्यून आज रजेवर हाय, म्हणून तो बसला फोनवर."

बाप आधी हसला. मामाही हसला. मग बापाचं हसू थांबलं.

"मंग प्यून हाय का नाई?"

"नाही. शेती करते. आठ एकर हाय आमचं, बोरी अरबच्या रस्त्याले लागून."

"ओलिताचं?"

"कोरडवाहू."

बाहेर कोणाचा तरी बैल घंटा हलवत होता. बाप टोपी काढून मांडीवर ठेवून बसला, मग पुन्हा डोक्यावर घातली.

"मी सोता कास्तकार हाव," तो म्हणाला. "पोरीनं माह्या वावरात निंदन केलं, कापूस येचला. सरकीचा कोंब निघाला नाई की बापाचं तोंड कसं होते, ते पायलं. आता लगन करून दुसऱ्याच्या वावरात बी तेच पाहावं काय तिनं?"

माझं डोकं फिरलं. "काका, मघाशी पाणी आणून देलं तोच माणूस हाय हा. बदलला काय घडीभरात?"

"मानसाले कोन नाव ठेवून राह्यलं?" तो अगदी हळू म्हणाला. त्याचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मानूस हिऱ्यावानी हाय. म्हनून तं इचारलं. तुमी मघाच सांगतलं असतं कास्तकार हाय, तं इचारलंच नसतं, आन तुमाले बी वाईट वाटलं नसतं."

कापूस पिकवणाराच कापूस पिकवणाऱ्याला मुलगी देत नाही, यावर भांडायचं तरी कोणाशी? मामाने घसा साफ केला आणि माझाही निकाल लावून टाकला. थोरला बसलेला असताना धाकट्याची घाई बरी नाही, लोक नावं ठेवतात, आधी त्याचं होऊ द्या, मग पाहू. कळवतो म्हणाला.

ते उठले तेव्हाच सायकलची घंटी वाजली. दादा सेल उंच धरून आत आला, धापा टाकत, सगळा खुशीत.

"साहेब, भेटला! चाचा म्हने, एकच उरला होता."

मुलीच्या बापाने दादाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. "येतो भाऊ. माफी असावी," म्हणाला. दादाचा हात तसाच वर राहिला. प्यूनला कोणी हात जोडत नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पाहुणे पायऱ्या उतरून गेले. दादाने सेल माझ्या हातात ठेवला आणि पाहुण्यांचे रिकामे ग्लास उचलून ट्रेमध्ये ठेवले.

सेल बसला. तारीख लावली. सर्वर आजच्या सालात आला आणि एकेक करून सगळ्यांना ओळखायला लागला. काट्यावरचा बाबू तोंडातला खर्रा थुंकून जागेवर येऊन बसला, बाहेरची लाईन हलली. दादाची बंडी काट्यावर आली, माप झालं, बंडी रिकामी झाली. पुण्याच्या बाईने सगळं सुरू झालं का ते विचारायला पुन्हा फोन केला आणि तुमचे असिस्टंट फार छान बोलतात, असं म्हणाली. मी बरं म्हणून फोन ठेवला.

उन्हं कलताना मी दादासोबत बंडीत बसून चौकापर्यंत गेलो. रिकाम्या बंडीत कापसाचे चुकार पुंजके उडत होते. मीच विषय काढला.

"दादा, मी सांगून टाकलं त्यायले."

"समजलं मले. काहून सांगतलं पन? तुह्यं तं जमत होतं न."

"तुह्यं जमत होतं, म्हणून सांगतलं." मग मी त्याला सगळं सांगितलं. थोरली मुलगी, एकच मांडव, परमनंट प्यून. तो ऐकत राहिला आणि मग असा हसला की बैल थबकले. कासरा सोडून, पोट धरून हसला. "म्हंजे प्यून म्हून पसंत होतो न बे मी!" असं दोनतीनदा म्हणाला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मग त्याने कासरा उचलला, बैलांना हाकारलं. बराच रस्ता गेला. चौक जवळ आला, मी उतरायला पाय खाली सोडले, तेव्हा समोर पाहत, बैलांच्या पाठीकडे बोलल्यासारखं त्याने विचारलं,

"किती शिकेल हाय म्हने, थोरली?"

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"बारावी," मी म्हणालो.

"चांगली हाय," दादा म्हणाला, आणि मी उतरावं म्हणून बैल थांबवले.